मालेलेची पाठ

माझी सून मालेले तेव्हा सातव्या महिन्यात होती. आमच्या बेटावरच्या नव्या चर्चच्या समारंभाला प्रत्येक घराची एक चटई जायची होती, म्हणून गावातल्या आम्ही सगळ्या बायका सकाळपासून विणायच्या घरात मांडी घालून बसायचो. मालेले तासाभरातच उठायची आणि समोरच्या उथळ समुद्रात छातीभर पाण्यात जाऊन चालत राहायची. पाण्यात पाठीवरचं ओझं उतरतं, म्हणायची.

एकदा पाद्रीची बायको तेलेसिया हिनं मला विचारलं, "फुआतिनो, सून मासे धरायला आणलीस की चटया विणायला?"

सगळ्या हसल्या. मालेले ओल्या कपड्यांनी परत आली, तेव्हा मी भर बायकांत तिला म्हणाले, "मी सहा बाळंतपणं काढली. एकदाही कंबर धरून बसले नाही. तुमच्याच कमरा बऱ्या काचेच्या!"

ती खाली मान घालून विणायला बसली. माझी थोरली नणंद वाओसा शेजारीच होती. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि परत चटईसाठी वाळल्या पानांच्या पट्ट्या काढू लागली. त्या नजरेनं माझे कान तापले. पहिल्या खेपेला मला चुलीपुढून उठता येत नव्हतं. तेव्हा हीच वाओसा मला कुशीवर निजवून, गुडघ्यांमध्ये उशी देऊन, कोमट खोबरेलानं माझी कंबर चोळायची, आणि मी पोरीसारखी रडायचे.

तरी मी माझे शब्द मागे घेतले नाहीत. मालेले पाण्यात जायची थांबली. तीन दिवस सलग विणत बसली आणि चौथ्या दिवशी तिला उठताच येईना. दोघींनी काखेत हात घालून तिला उभं केलं.

नर्सनं येऊन तपासलं. बाळ ठीक होतं, काळजीचं काही नव्हतं. एका जागी बसू नको, थोडं थोडं चाल, पोटाखालून कापडाचा पट्टा बांध, पाण्यात जात जा, असं तिनं सांगितलं. मग विचारलं, "पाण्यानं बरं वाटत होतं, तर थांबलीस कशाला?"

"चटई राहिली होती," मालेले म्हणाली. मी दारातच उभी होते. तिनं माझं नाव घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी मालेले घरी होती, तेव्हा मी विणायच्या घरात सगळ्यांना माझ्या पहिल्या खेपेचं खरं सांगितलं. पण कुणालाच नवल वाटलं नाही.

"ठाऊक होतं गं," तेलेसिया म्हणाली. "तुझं रडणं आमच्या घरापर्यंत यायचं."

म्हणजे मी मालेलेला बोलले त्या दिवशीही सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त मालेलेला नव्हतं.

संध्याकाळी मी तेल कोमट करून तिच्याकडे गेले. माझं चुकलं, म्हणाले. ती कपडे सावरून उठून बसली.

"असू दे, आई. तुम्ही कशाला त्रास घेता? आत्याबाई येतायत."

वाओसा आली. माझ्या हातातली वाटी घेऊन आत गेली. मी बाहेर पायरीवर बसून राहिले.

मालेलेला मुलगी झाली. आता ती चालते, माझ्याच अंगावर झोपते. मालेले माझ्याशी कधी वाकडं बोलत नाही. पण काही दुखलं-खुपलं तर अजून मला सांगत नाही.