बाहेरचं पाणी

"म्हंजे त्यांच्या पोटात निघाला हुता, त्योच जंतू?" राजेश्वरीने विचारलं.

सावेडीतल्या डॉक्टरबाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवला. "तोच. एका घरातल्या माणसांमध्ये बऱ्याचदा सापडतो. घाबरू नका. दोन आठवडे गोळ्या घ्यायच्या, पण मध्येच सोडायच्या नाहीत."

तिच्या नवऱ्याने, रामहरीने, मध्येच सोडल्या होत्या. सुप्याच्या एमआयडीसीतून पुण्याला माल नेणारा टेम्पो चालवायचा तो. पित्ताने कायम हैराण. दोनेक वर्षांपूर्वी घशातून दुर्बीण घालून तपासलं, तेव्हा जंतू सापडला. गोळ्यांनी तोंड कडू पडतं, गाडीवर मळमळतं, म्हणून त्याने निम्मं पाकीट कपाटावर टाकून दिलं. मग गेल्या पौषात एका सकाळी तो छातीला हात लावून ओट्यावर बसला. "पित्त खवळलंय," म्हणाला. राजेश्वरीने थंड दूध दिलं. ते पिऊन तो गाडी घेऊन गेला. दुपारी फोन आला. टेम्पो रस्त्याच्या कडेला नीट लावलेला होता, हँडब्रेक ओढलेला, आणि रामहरी स्टेअरिंगवर डोकं टेकून गेलेला.

"म्याडम, ह्यो पोटातला जंतू काळजापर्यंत जातो का?"

"काही अभ्यासांत तसा संबंध दिसलाय, काहींत नाही. जंतूमुळे अंगात बारीकशी सूज राहते, तिचा रक्तवाहिन्यांना त्रास होत असेल, असा अंदाज आहे. सिद्ध झालेलं नाही. शिवाय त्यांना बीपी होतं, तंबाखू होती."

"म्हंजे व्हय का न्हाई?"

"तेच नाही सांगता येत, ताई."

राजेश्वरीने पदर सावरला. हो म्हणाल्या असत्या तर तिने अर्धवट सोडलेल्या गोळ्यांना दोष दिला असता, नाही म्हणाल्या असत्या तर नशिबाला. आता कशालाच देता येत नव्हता.

"आन् येतो कुठनं ह्यो?"

"बहुतेकांना लहानपणीच लागतो. पाण्यातून, घरच्यांच्या उष्ट्यातून. पूर्वी आया घास चावून भरवायच्या ना, तसंही."

पुढचं राजेश्वरीला नीट ऐकू आलं नाही.

एसटीतून उतरून ती घरी आली तेव्हा तिची सासू, बनुबाई, दारातच बसली होती. पोरगा गेल्यापासून ती तिथेच बसायची.

"काय म्हनली डाक्टरीन?"

"पोटात जंतू हाय म्हनली. यांना हुता त्योच."

बनुबाईचे ओठ हलले. "माज्या रामाच्या पोटात जंतू कुठनं आला गं? मी काय कमी जपलं व्हय त्याला? बहात्तरच्या दुष्काळात अंगावरचं दूध आटलं. खडी फोडायला जायची मी. रेशनच्या त्या इलायती लाल जवारीची, मिलोची भाकर लई कडक, त्याला दात न्हाई. मी आदी चावायची, मऊ करायची, मग त्याच्या तोंडात घालायची. तसाच जगवला त्याला." ती थांबली. "सांग की. कुठनं आला?"

राजेश्वरीने चपला काढल्या, पायांवर पाणी घेतलं. सासूकडे बघायला तिला थोडा वेळ लागला.

"बाहेरच्या पान्यातनं, आत्याबाई. रस्त्यावर कुठंबी प्यायचे ना ते. डाक्टरीनच म्हनली."

"बघ!" बनुबाईने जमिनीवर हात आपटला. "शंभरदा सांगितलं हुतं, घरनं बाटली भरून ने. ऐकायचा न्हाई." आणि ती रडायला लागली. पोरावर रागावून रडत होती ती. राजेश्वरीला त्यातल्या त्यात तेच बरं वाटलं.

रडून झाल्यावर बनुबाई भिंतीला धरून उठली. "सकाळपून उपाशी असशील." तिने ताटलीत भाकरी कुस्करली, वर आमटी ओतली, हातानेच कालवली. मीठ बघायला बोट चाटलं. मग त्याच हाताने घास करून सुनेपुढे धरला.

"मी खाते की हातानं, आत्याबाई."

"घे गं. आता कुनाला भरवू मी?"

आमटी म्हातारीच्या मनगटावरून ओघळत होती. राजेश्वरी खाली तिच्यासमोर बसली आणि तिने तोंड उघडलं.