रिकाम्या जागेचा फोटो

नोल्विया गोदोयला आपलं सहा वर्षांचं काम छापलेलं दिसलं ते मंगळवारी सकाळी, वेधशाळेच्या संचालकांच्या टेबलावर, आणि तेही उलटं. डॉन रेनातो प्रोफेसर प्रेंटिसचा नवा निबंध स्वतःपुढे धरून वाचत होते. पण स्वतःचे आकडे माणूस कसेही वाचतो. सत्तावीस ओळी, सत्तावीस फुटलेले तारे. तिने वरपासून खालपर्यंत नजर फिरवली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"फुल्या कुठे गेल्या?"

"कसल्या फुल्या?"

"अकरा आकड्यांपुढे मी फुल्या मारून पाठवल्या होत्या. एकही नाही इथे."

डॉन रेनातोंनी चष्मा काढला. चिलीतल्या ला सेरेनाच्या या कचेरीत संचालकांनी चष्मा काढला की समोरच्याने समजायचं, आता आपली बोळवण होणार.

"हे बघ नोल्विया, छापताना तक्ता जरा सुटसुटीत करतात. परवा प्रोफेसर प्रेंटिस इथे भाषण द्यायला येताहेत. सान्तियागोहून टीव्हीवाले येताहेत, मंत्री येताहेत. आणि तू फुल्यांचं काय घेऊन बसलीस?"

फुल्यांचंच तर सगळं होतं. या जातीचे तारे फुटतात तेव्हा जवळजवळ सारख्याच तेजाने पेटतात, म्हणून जो जितका मंद दिसेल तितका लांबचा. पण तारा फुटतो तो एखाद्या दीर्घिकेत, कोट्यवधी ताऱ्यांच्या गर्दीत, आणि फोटोत त्याच्या उजेडात त्या गर्दीचाही उजेड मिसळतो. तो बाजूला काढायचा तर एकच उपाय. वर्षभर थांबायचं, तारा पुरता विझू द्यायचा, मग पुन्हा डोंगरावरच्या दुर्बिणीकडे जाऊन त्याच जागेचा फोटो काढायचा. पहिल्यातून दुसरा वजा केला की उरतो तो निव्वळ तारा. डोंगरावर याला 'रिकामा फोटो' म्हणत, आणि हे काम कोणालाच नको असे. जे नाही त्याचा फोटो काढायला दुर्बीण मागितली की वरिष्ठ हसत.

नोल्वियाने ते हसणं गिळून सोळा ताऱ्यांचे रिकामे फोटो काढले. उरलेल्या अकरांसाठी तिला गेल्या नोव्हेंबरात पाच रात्री मिळाल्या होत्या. ऐनवेळी डॉन रेनातोंनी त्या काढून घेतल्या आणि प्रेंटिसच्या तुकडीला लांबचे तारे शोधायला दिल्या. विचारलंही नाही. फळ्यावरचं तिचं नाव ओल्या फडक्याने पुसलं आणि वर त्याचं लिहिलं. महिन्याभरात त्याच प्रेंटिसचं पत्र आलं की तुलनेला जवळचे तारे हवेत, तुमचे आकडे द्याल का? तिने दिले. सोबत स्वच्छ लिहिलं, फुली म्हणजे दीर्घिका अजून वजा केलेली नाही, हा आकडा वापरू नये. पुढे तीनदा आठवण केली. चारही पत्रांना उत्तर आलं आणि चारही उत्तरांत फक्त आभार होते.

"डॉन रेनातो, दीर्घिकेचा उजेड आत राहिला तर जवळचे तारे आहेत त्याहून तेजस्वी ठरतात," ती म्हणाली. "मग त्यांच्यापुढे लांबचे तारे उगाच जास्त मंद वाटणार, म्हणजे उगाच जास्त लांब. आणि हा माणूस जगाला तेच सांगायला निघालाय. विश्वाच्या पसरण्याचा वेग वाढतोय, कृष्ण ऊर्जा त्याला रेटतेय, आणि ती अमुक इतकी आहे. त्याची चूक त्याला हव्या त्याच बाजूला झुकलीय."

"म्हणजे वेग वाढत नाहीये, असं तुझं म्हणणं?"

"वाढत असेलही. माझे सोळा तारे तसंच म्हणताहेत. पण तो सांगतो तितका नाही, आणि सोळांच्या जोरावर मी छातीठोकपणे बोलणार नाही. उद्या त्याचा आकडा घसरला ना, तर कोणी त्याला नाही बोलणार. म्हणतील, चिलीत नीट मोजलं नव्हतं."

"परवा काही बोलू नकोस," डॉन रेनातो चष्मा चढवत म्हणाले. "पाहुणे आहेत."

निबंधाचं शेवटचं, आभारांचं पान तिने हातात घेऊन पाहिलं. दात्याचं, यंत्र बनवणाऱ्यांचं, प्रेंटिसच्या बायकोचंही नाव होतं. अगदी तळाला एक ओळ होती. 'स्थानिक कर्मचाऱ्यांचेही आभार.'

संध्याकाळच्या चहाला डॉन सेगुंदो समोर बसले होते. तीस वर्षं डोंगरावरची दुर्बीण फिरवणारा हा विकुन्या गावचा म्हातारा पावावर पाल्ता, म्हणजे अवोकाडो, चेचत तिचं सगळं ऐकत होता.

"स्थानिक कर्मचारी! म्हणजे तू, मी आणि स्वयंपाकघरातलं मांजर."

"हसू नका हो. माझ्या अंगाचा तिळपापड होतोय."

"मग बोल की, पोरी. चाळीस वर्षांची घोडी झालीस, अजून रेनातोला घाबरतेस?"

"घाबरत नाही. पण भांडखोर बाई म्हणून एकदा शिक्का बसला की पुढे कोण रात्री देणार मला?"

"आता कोण देतंय?" म्हातारा म्हणाला आणि पावाचा घास तोंडात टाकला.

म्हाताऱ्याचं खरं होतं. याचाच तिला जास्त राग आला.

गुरुवारी दुपारी तीनला सभागृह भरलं. पहिल्या रांगेत मंत्री, मध्ये कॅमेरे. तिसऱ्या रांगेत नोल्विया, तिच्या शेजारी लग्नाला घालायचा कोट चढवून आलेले डॉन सेगुंदो. प्रेंटिस उंच, हसरा, गोड बोलणारा माणूस होता. हे तिला आणखीच लागलं, उद्धट असता तर सोपं झालं असतं. त्याने विश्व समजावलं, वेग समजावला, लांबचे तारे पडद्यावर दाखवले. मग तिचा तक्ता आला. बिनफुल्यांचा, नवरीसारखा सजवलेला. "हे जवळचे तारे म्हणजे आमच्या मापाचा पाया," तो म्हणाला, आणि टाळ्या पडल्या. तिच्याच आकड्यांना पडलेल्या त्या टाळ्या तिने हाताची घडी घालून ऐकल्या.

प्रश्न विचारा म्हणताच ती उभी राहिली. डॉन रेनातोंचा हात चष्म्याकडे गेला.

"प्रोफेसर, चौथी, सातवी, नववी ओळ. अशा अकरा ओळी आहेत. या दीर्घिकांचे रिकामे फोटो कधी काढले?"

प्रेंटिसने तक्त्याकडे वळून पाहिलं. "तारीख मला पाठ नाही. ते काम इथल्या स्थानिक कर्मचाऱ्यांनी केलंय."

"स्थानिक कर्मचारी मीच. काढलेले नाहीत."

मंत्र्यांनी शेजाऱ्याला काहीतरी विचारलं, शेजाऱ्याने खांदे उडवले.

"अकराही आकड्यांत दीर्घिकेचा उजेड तसाच आहे," ती म्हणाली. "मी फुल्या केल्या होत्या, त्या तुम्ही पुसल्यात. चार पत्रं लिहिली. तुम्ही चारदा आभार मानलेत!"

प्रेंटिसचा चेहरा उतरला. त्याने पुढच्या रांगेतल्या आपल्या माणसाकडे पाहिलं आणि त्या माणसाने मान खाली घातली. कोण कुठे काय सुटसुटीत करून बसलं होतं ते तिथेच कळलं. तरी एक खरं, प्रेंटिसने सारवासारव केली नाही. माइक हातात धरून तो म्हणाला, "मग कृष्ण ऊर्जेचा आकडा मी आज सांगू शकत नाही." कॅमेरेवाले मुकाट्याने वायरी गुंडाळायला लागले.

बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये डॉन रेनातोंनी तिला गाठलं. "झालं समाधान? मंत्री जेवायलाही थांबले नाहीत!"

मागून प्रेंटिस आला. "आधी खाजगीत सांगायचंत," तो पडलेल्या आवाजात म्हणाला आणि स्वतःच थांबला. "नाही. सांगितलं होतंत. किती रात्री लागतील तुम्हाला?"

"पाच."

"पाच रात्री कुठून आणू मी?" डॉन रेनातो उसळले. "नोव्हेंबरपर्यंत वेळापत्रक भरलंय."

"जिथून नेल्यात तिथून आणा," नोल्विया म्हणाली.

वेळापत्रकाचा फळा समोरच होता. नोव्हेंबरातल्या सहा रात्रींवर प्रेंटिसचं नाव होतं. प्रेंटिस फळ्यापाशी गेला. मग त्याने खडूशेजारचं ओलं फडकं उचललं, पाच ठिकाणचं आपलं नाव पुसलं आणि अक्षरं विचारून विचारून तिथे तिचं लिहिलं. तिच्या मागोमाग आलेल्या डॉन सेगुंदोंनी कोटाची बटणं सोडली.

तिने तारखा तेवढ्या वहीत उतरवून घेतल्या. प्रेंटिसला ते जड गेलं असावं. अवघडून हसत तो म्हणाला, "निदान आभार तरी माना, सेन्योरा."

"मानीन ना," नोल्विया म्हणाली. "माझ्या निबंधाच्या शेवटी. परदेशी कर्मचाऱ्यांचेही आभार."