अनयाच्या कानात

लोक एकेक करून माइकपाशी जात होते आणि ज्ञानदाच्या मांडीवर अनया द्राक्षं खात होती. द्राक्षं उभी चिरलेली, एकेकाच्या चार फोडी. अनया चार वर्षांची झाली तरी ज्ञानदा तिला अख्खं द्राक्ष देत नसे. घशात अडकलं तर? खिडकीबाहेर अमेरिकेतल्या ॲन आर्बरचा बर्फ पडत होता, इतका सावकाश की बर्फ खाली येतोय की आपलं चर्चच अलगद वर चाललंय, कळू नये.

महिन्याचा पहिला रविवार, मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचा उपासाचा दिवस. त्या दिवशी प्रवचन नसतं. ज्याला वाटेल त्यानं पुढे जाऊन आपल्या श्रद्धेची साक्ष द्यायची. लहान मुलंही जातात. आई वाकून कानात एकेक ओळ सांगते, मूल ती माइकमध्ये म्हणतं. देव माझ्यावर प्रेम करतो, हे मला माहीत आहे. जोसेफ स्मिथ प्रेषित होता, हे मला माहीत आहे. मग सगळे "आमेन" म्हणतात आणि बायकांचे डोळे भरून येतात.

आज अनयानं हट्टच धरला होता.

"तीन-चार तर वाक्यं," स्पेन्सर काल म्हणाला होता. ज्ञानदाचा नवरा आयडाहोचा, पिढ्यान्‌पिढ्यांचा मॉर्मन. "माझ्या कानात आईनं सांगितली, तिच्या कानात आजीनं. त्यात घाबरायचं काय?"

ज्ञानदा नाशिकची. एम.एस.ला इथे आली आणि पहिल्याच हिवाळ्यात न्यूमोनियानं आडवी झाली. तेव्हा याच चर्चमधल्या दोन बायका सूप घेऊन दारात उभ्या राहिल्या, आणि ती बरी झाली तरी येतच राहिल्या. धर्म तिनं मागाहून वाचला. आधी सूप प्यायली. त्या दिवसांत, ताप उतरता उतरता, त्यांनीच तिला पंथाच्या संस्थापकाची, जोसेफ स्मिथची गोष्ट सांगितली होती. शेतकऱ्याचा एक मुलगा, वय चौदा. कुठलं चर्च खरं ते कळेना म्हणून रानात गेला, गुडघे टेकले आणि विचारलं. झाडांमधून उजेड उतरला. ते रान ज्ञानदाला अर्धवट झोपेत कितीदा तरी दिसे. पानांचा वास यायचा. बरं वाटायचं.

गेल्या महिन्यात एका दुपारी अनया झोपली असताना तिनं चर्चच्याच वेबसाइटवरचा एक लेख वाचला. त्याच जोसेफनं पुढे कितीतरी लग्नं केली होती. त्यातल्या काही बायकांना आधीच नवरे होते. एमाला, त्याच्या पहिल्या बायकोला, सगळं ठाऊकही नव्हतं. आणि एक मुलगी होती, पंधरा पूर्ण न झालेली.

म्हणजे चौदा.

तेव्हापासून झोपेतल्या त्या रानाच्या कडेला एक मुलगी येऊन उभी राही. दोन वेण्या, हात पुढे जुळवलेले. बोलत काहीच नसे. शाळा सुटल्यावर कुणी न्यायला आलं नाही की मूल उभं राहतं, तशी.

स्पेन्सरला सांगायचा धीर झाला नाही. सांगितलं ते नीलाकाकूंना. काकू रिटायर्ड डॉक्टर, ज्ञानदाच्या जन्माआधीपासून इथल्या.

"उपासाला काय खाता गं तुम्ही?" काकूंनी आधी तेच विचारलं.

"काही नाही. पाणीसुद्धा नाही."

"खिचडी नाही, वरीचे तांदूळ नाहीत? मग उपास कसला, शिक्षाच ती!" मग चहाचा कप खाली ठेवून म्हणाल्या, "आमचे महाराज होते ना, त्यांचं असंच काही बाहेर आलं. मी फोटो भिंतीवरून उतरवला. पण टाकू कुठे? रिसायकलिंगमध्ये? गराजमध्ये आहेत, फावड्यामागे. बर्फ पडला की दर्शन होतं."

"आणि जप?"

"जप चालू आहे. कुणाचा ते विचारू नकोस."

ज्ञानदा हसली, पण तिचं भागलं नाही. काकूंच्या जपाला श्रोता नव्हता. तिला मुलीच्या कानात बोलायचं होतं. पोरीच्या तोंडात जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीचं लेबल ती वाचायची. कानात जाणारं तसंच जाऊ द्यायचं?

"माय टर्न," अनया मांडीवरून उतरली.

माइकपाशी स्टूल होतं. ज्ञानदानं तिला उभं केलं, वाकली, कुजबुजली. देव माझ्यावर प्रेम करतो. अनयानं मोठ्यांदा म्हटलं. माझं माझ्या घरावर प्रेम आहे. तेही म्हटलं. तिसरी ओळ ज्ञानदानं गाळली आणि थेट शेवटाकडे निघाली.

पण अनयाला क्रम पाठ होता. तिनं मान वळवली. "अँड जोसेफ स्मिथ?"

सभागृहात हसू पसरलं, मायेचं. पहिल्या बाकावर सूपवाल्या दोघींपैकी एक मान डोलावत होती, हं, सांग, सांग.  ज्ञानदा लेकीच्या कानाशी गेली आणि मराठीत म्हणाली, "मला माहीत नाही गं, राणी."

अनयानं माइक धरला. "ममा डझन्ट नो."

हसू थांबलं. 

आता पोरीला उचलून खाली जाता आलं असतं. पण मग उरलेलं सगळं चार वर्षांच्या जिवाच्या नावावर राहिलं असतं. ज्ञानदानं माइक स्वतःकडे वळवला.

"तिनं बरोबर सांगितलं," ती इंग्रजीत म्हणाली. "रानात गेलेल्या मुलावर माझा विश्वास आहे. त्याच मुलानं मोठेपणी चौदा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं, ते मला चूक वाटतं. देवाचं नाव पुढे केलं म्हणून ते बरोबर होत नाही. मला तो मुलगा आणि ती मुलगी, दोघांपैकी कुणालाच सोडता येत नाहीये. पण रानात जाताना त्यालाही काही माहीत नव्हतं. म्हणून तर त्यानं विचारलं. मीही तेवढंच करते आहे. येशू ख्रिस्ताच्या नावानं, आमेन."

आमेन आलं नाही. मग मागून कुणा म्हाताऱ्याचं एक आलं, मग सूपवाल्या बाईचं, खाली बघत, मग इकडून तिकडून विखुरलेली दोन-चार. बरेच ओठ मिटलेलेच राहिले. बर्फातून चालावं तशी ज्ञानदा बाकापर्यंत आली.

स्पेन्सरचे कान लाल झाले होते. पुढचा माणूस बोलायला लागला तरी तो समोरच बघत होता.

"घरी का नाही सांगितलंस?"

"तुझ्या आजीपर्यंत जाणारी गोष्ट होती," ज्ञानदा म्हणाली. "भीती वाटली."

 मग अगदी हळू त्यानं विचारलं, "त्या मुलीचं नाव काय होतं?"

"हेलन."

अनयानं दोघांच्या मधून डोकं वर काढलं. "इज शी कमिंग हिअर?"

 स्पेन्सरनं बाकावरचा आपला कोट उचलून मांडीवर घेतला आणि बाकावर अजून एकाला बसता येईल इतका तो सरकला.