दाराएवढं अंतर

आमच्या आत्याचा कवळ्या बनवण्याचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे दोन खोल्या. एकीत आत्या दात बसवते, दुसरीत साच्यांचं प्लास्टर उडतं. तयार कवळ्या मी सायकलवरून दवाखान्यांत पोचवतो. सायकलच्या मागच्या डब्यावर आत्याने स्वतःचा फोन नंबर रंगवून घेतलाय : 'तक्रार असल्यास कळवा'. कौतुक कळवायची सोय नाही.

दोन तक्रारी येऊन गेल्या होत्या. दोन्हींत एकच रड, हा रस्त्याच्या मधोमध चालवतो.

"तिसरी आली की सायकल जप्त," आत्याने बजावलं होतं, "आणि तू प्लास्टरच्या खोलीत."

त्या खोलीला खिडकी नाही. तिथला माणूस संध्याकाळी बाहेर येतो तेव्हा स्वतःचाच पुतळा दिसतो.

मुळात मी मधोमध चालवतच नाही. उभ्या गाड्यांपासून एका दाराएवढं अंतर ठेवतो. पूर्वी शहाण्या मुलासारखा कडेने जायचो. मग एका बाईंनी अचानक गाडीचं दार उघडलं, मी त्यावर आदळलो आणि एका निवृत्त मुख्याध्यापकांचा खालचा जबडा गटारात गेला. गाडीतल्या माणसाला आरसा केस सारखे करायला दिलेला असतो, हे एकदा मान्य केलं की सायकल चालवणं सोपं जातं.

मंगळवारी साडेअकराला एक कवळी द्यायची होती. काळ्या गाडीतले एक काका अर्धा किलोमीटर माझ्या मागे हॉर्न दाबून होते. हॉर्नने मी विरघळेन अशी त्यांची समजूत असावी. सिग्नलला त्यांनी काच खाली केली.

"अक्कल आहे का?"

तोंडात एकही दात नव्हता. तरी वाक्य खणखणीत. या वाक्याला दात लागत नाहीत, म्हणूनच ते रस्त्यावर इतकं चालत असणार.

"काका, सिग्नल लाल आहे. मी बाजूला झालो तरी लालच राहील."

हिरवा लागताच काका मला मागे टाकून सुसाट सुटले आणि पुढे ऐंशी पावलांवर थांबले. दवाखान्यासमोर, सायकलींच्या पट्ट्यात, तिथे रंगवलेल्या सायकलच्या बरोबर डोक्यावर. मग मागे न बघता दार सताड उघडलं. दाराची कड आणि माझं हँडल यांच्यात चार बोटं उरली. मी सुखरूप. दात सुखरूप. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी न आदळून त्यांचा अपमानच केलाय. मग डब्यावरच्या नंबरचा फोटो काढला.

आत गेलो तर खुर्चीत तेच.

"आलास? हे या कवळीचीच वाट बघतायत, सात आठवडे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

काकांनी मला खुणेने समजावलं : आधी दात, मग तुझं बघतो.

कवळीचा डबा माझ्या हातात होता. तो दिला नाही तर काका मुके. दिला तर मी प्लास्टरमध्ये. पण पुढचे सहा दात मी स्वतः दोन दिवस घासून चकचकीत केले होते, आणि ते कुणाच्या तरी तोंडात बघायचेच होते. तोंड कुणाचं, हे आपल्या हातात नसतं. दिला.

कवळी बसली. काकांनी फोन लावला, स्पीकरवर, मला ऐकू यावं म्हणून.

"तुमचा सायकलवाला सरळ सरळ रस्त्याच्या मध्ये..."

"थांबा," आत्या म्हणाली. "'सरळ' पुन्हा म्हणा."

"सरळ."

"'सायकल'?"

"सायकल. अहो, मी तक्रार..."

"शिट्टी वाजतेय. डॉक्टरीणबाई आहेत ना तिथे? काढून घ्या ती. वरचे पुढचे दोन मागे घ्यावे लागतील. शुक्रवारी देते."

काका "पण माझी..." म्हणाले, तोवर डॉक्टरीणबाईंची बोटं आत गेली होती. उरलेलं वाक्य नुसतं गालांनी झालं.

"काय म्हणत होता रे तो?" आत्याने मला विचारलं.

खोटं बोलता आलं असतं, पण साक्षीदार समोर बसला होता. "मधोमध चालवतो म्हणत होते. मी बाजूने गेलो असतो तर यांनी दार उघडून स्वतःचेच दात फोडले असते."



"शिट्टी ही माझी चूक," आत्या म्हणाली. "त्याची तक्रार धरायची तर आधी शिट्टीची माझ्यावर धरावी लागेल. आणि मी काही प्लास्टरच्या खोलीत बसणार नाही. ये निघून. मधोमध ये."