काचेवरचा गफार

आमचा छापखाना उमरग्यात, सोलापूर-हैदराबाद सडकेला लागून. छापखाना म्हणायचा आपला. एक हातयंत्र, छापायचे चार जस्ताचे पत्रे आणि आमचे हे, महांतप्पा. विड्यांच्या बंडलांची लेबलं छापायची, त्यावर घर चालायचं.

लढाईचं शेवटचं वर्ष होतं. फाल्गुनातल्या एका दुपारी जमिलाबी आली. तिच्या हातानं बांगड्या भरल्या नाहीत अशी बाई गावात नव्हती, पण त्या दिवशी तिच्याजवळ टोपली नव्हती. पदराखालून तिनं एक फोटो काढला. तिचा एकुलता एक गफार. फौजेत लारी चालवायला ब्रह्मदेशाकडं गेलेला. आठ महिने झाले, खतपत्र नव्हतं.

"ह्याचे दोनशे कागद छापून द्या, आप्पा," ती म्हणाली. "सडकंनं फौजेच्या लाऱ्या जात्यात. एकेकाच्या हातात देते. कुनी ना कुनी बघितला आसंल."

"ह्याची निगेटिवची काच कुठं हाय?" ह्यांनी विचारलं.

"सोलापूरच्या फोटोवाल्यानं धुऊन टाकली. लढाईत नव्या मिळंनात म्हनं. माझं लेकरू धुऊन तिथं कुनाची तरी नवरी काढली आसंल."

म्हणजे उलटी काच आपणच करायची. पत्र्याला लावायचं लेपण काचेला लावायचं. दुसरीकडं त्यात अंड्याचा पांढरा बलक घालतात. आमच्या लिंगायताच्या घरात अंड्याचं नावसुद्धा दबकत येतं, म्हणून हे बाभळीचा डिंक वापरत. डिंक, बायक्रोमेटची नारिंगी पूड आणि काजळी. ऊन लागेल तिथं हे लेपण घट्ट धरतं, न लागेल तिथलं पाण्यानं निघून जातं. फोटोतला काळा भाग काचेवर मोकळा होतो, उजळ भाग काळा. अशी काच झाली की तिच्यावरून पत्र्यावर पुन्हा सुलटा माणूस उतरतो.

"पण ऊन फोटोतून आरपार गेलं पायजे," हे म्हणाले. "पुठ्ठ्यावरनं सोलायचा, तेल पाजायचं. बिघडलं तर हा बी हातचा जातो."

"दुसरा न्हाय माझ्याकडं."

"म्हणून तर विचारतो."

जमिलाबी माझ्याकडं बघायला लागली. माझी तिन्ही पोरं मागच्या अंगणात भांडत होती, त्यांचा आवाज आत येत होता.

"घरात ठिवून म्याच बघनार," ती शेवटी म्हणाली. "मला तर त्यो पाठ हाय. सोला."

दुसऱ्या दिवशी ह्यांनी अंधाऱ्या खोलीत काच वाळवली, फोटोला करडईचं तेल पाजलं आणि दोन्ही एकावर एक चौकटीत आवळून अंगणात ठेवलं. घड्याळ आमच्याकडं नव्हतं. ऊन मोजायचं ते ह्यांच्या जपावर. डोळे मिटून सहाशे वेळा 'ॐ नमः शिवाय'. त्यात बोलणं नाही, बघणं नाही. मला काच धुण्याचं पाणी आणायचं होतं.

"इथंच बसा," मी जमिलाबीला सांगितलं. "हात तेवढा लावू नका."

हात तिनं लावला नाही. ऊन चढलं, तेल तापून वास सुटला, आणि तिला वाटलं पोरगं करपतंय. तिनं पदराचं टोक पुढं धरून त्याच्या गालावर सावली केली. मी घागर घेऊन आले तेव्हा ह्यांचे ओठ हलत होते, आणि ती सावली धरून बसली होती, मोठ्या समाधानानं.

चौकट उघडली तर फोटो कच्च्या डिंकाला चिकटून फाटला. काच परातीत धुतली. टोपी आली, कपाळ आलं, डोळे आले, एक गाल आला. दुसरा गाल काजळीचा लोट होऊन पाण्याबरोबर गेला.

"सावलीतलं कच्चं राहिलं," हे म्हणाले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

जमिलाबी फाटक्या फोटोचे तुकडे ओंजळीत धरून उभी होती. जरा वेळानं हे ब्रश घेऊन बसले. "राहिलेला गाल मी रंगवतो. हितल्यासारखाच तिथं."

"तुमी जवळनं बघितलंय का त्याला?"

"न्हाई."

"मग कुनाचा गाल लावताव?"

ह्यांनी ब्रश खाली ठेवला.

"हितं काळं लावलं तर कागदावर उजेड पडंल ना?" तिनं विचारलं.

"व्हय."

"मग द्या मला."

डिंकात कालवलेल्या काजळीत तिनं बोट बुडवलं. लेकराला नजर लागू नये म्हणून तीट लावतात, तसं ते काचेवर टेकवलं. परत टेकवलं, गाल भरेपर्यंत. गाल कुठं वळतो, जबडा कुठं संपतो, बोट कुठंच अडलं नाही.

काच वाळली, पत्रा झाला, पहिला कागद निघाला. ह्यांनी तो उजेडाकडं धरला. गालावर तिच्या बोटाच्या रेषा उठल्या होत्या, बारीक, गोल गोल.

"ह्या जरा बुजवू का?"

"ऱ्हाऊ द्या, आप्पा."

लाऱ्या पाण्यासाठी सडकेकडच्या विहिरीपाशी थांबत. पहिल्या दिवशी मी तिच्यासंगं गेले. साताऱ्याकडचा एक शिपाई कागद निरखून म्हणाला, "आई, गालावर देवीचे वण आहेत का ह्याच्या?"

"न्हाय बाबा. तिथं म्या हात लावलाय."

तो कागदाची चौघडी घालत होता. थांबला. गाल मोडणार नाही अशी एकच घडी घातली, कागद खिशात ठेवला आणि बटण लावलं. जमिलाबी पुढच्या लारीकडं निघाली होती.