बिनआवाजाची रजा

दुर्गाबाईंनी बुधवारी सकाळी घर सोडलं. तेही उताणं पडून, डोळे मिटून, पायांत मोजे घालून. पण त्यांच्या घरातल्या कोणालाही विचारलं तरी असं काही झालेलं नाही. म्हणून आपणही ते झालं नाही असंच धरून चालू आणि त्यांच्या सुनेकडे पाहू. सून, म्हणजे दीपमाला, त्या वेळी योगवर्गाच्या हॉलमध्ये आपली सतरंजी भिंतीकडे सरकवत होती. भिंत आली तेव्हा नाइलाजानं थांबली.

तिच्या शेजारी सासू दुर्गाबाई. त्यांच्या पलीकडे सासरे पंजाबराव. त्यांच्या पलीकडे नवरा देवानंद. अख्खं घर ओळीनं पसरलं होतं; फक्त गॅसची शेगडी आणायची राहिली होती.

हा दर बुधवारचा वर्ग तिनं एकटीनं लावला होता. कंबरेसाठी, असं घरी सांगून. कंबर ठणठणीत होती. पण दिवसभर कचेरीत 'मॅडम, जरा इकडं', घरी आल्यावर 'सूनबाई', 'अवं', आणि न्हाणीत शिरलं की दारावर टकटक, 'टॉवेल कुठीसा हाये?' साऱ्या अकोल्यात हा एकच पाऊण तास असा सापडला होता, ज्यात तिला कोणी आवाज देत नव्हतं. शेवटी योगनिद्रेत प्रियदर्शनी मॅडम सांगायच्या, "आता मनातल्या मनात संकल्प म्हणा. छोटा. जणू आत्ताच खरा होतोय असा. आणि पूर्ण होईपर्यंत बदलायचा नाही."

दीपमालेचा संकल्प होता: मी एकटी आहे.

महिनाभरात सासू आली. "तुही कंबर बरी झाली, त माहे गुडघे काहून होनार नाही?" मग सासरे आले, कारण घरी चहा कोण देणार. मग देवानंद आला, कारण घरात त्याला करमेना. रिकामं घर, ज्याच्यासाठी दीपमाला बाहेर फी भरत होती, ते त्याला फुकट मिळालं होतं, आणि त्याला ते दोन बुधवारही ठेवता आलं नाही.

संकल्प लागू पडत होता, पण उलटा. आणि बदलायची सोय नव्हती.

"पाठीवर पडा. शरीर सैल सोडा," प्रियदर्शनी मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, पंखा वाढवा जरा," पंजाबराव.

"काका, डोळे मिटा आधी."

"मिटलेच हायेत. गरमी का डोळ्यानं लागते?"

कोणी तरी हसलं. मग हॉल शांत झाला.

"आता आपला संकल्प."

दुर्गाबाई एरवी इथवर पोचायच्या आतच घोरू लागत. त्या दिवशी जाग्या राहिल्या. त्यांना ठाऊक असलेला संकल्प सत्यनारायणाचा: तळहातावर पाणी घ्यायचं आणि नाव-गाव खणखणीत सांगायचं, नाहीतर देवानं शोधायचं कुठं? त्यांनी पडल्या पडल्या उजव्या हाताचा पसा करून वर धरला.

"मी दुर्गाबाई पंजाबराव राऊत, राहनार अकोला, मारुतीच्या देवळामागं, दुसरी गल्ली," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "मले कोनी आवाज देऊन नाही राहिलं."

प्रियदर्शनी मॅडम पुढचं वाक्य विसरल्या.

दीपमालेनं एक डोळा उघडला. पसा तसाच हवेत होता, आतलं नसलेलं पाणी सांडू नये असा जपून धरलेला. खालचा चेहरा दीपमालेनं कधी पाहिला नव्हता. त्यावर सासू नव्हती, आई नव्हती, कोणाची कोणीच नव्हती. भाड्याचं घर रिकामं करून, झाडून, दार ओढून घ्यावं तसा तो चेहरा झाला होता. पंखा फिरत राहिला.

"अवं," पंजाबराव म्हणाले, "चाबी तुयापाशीच हाये ना?"

पसा कलला. दुर्गाबाईंचे ओठ हलले.

"मायापाशी हाये, मामाजी," दीपमाला घाईनं म्हणाली. चाबी दुर्गाबाईंच्या कमरेला, तिच्या डोळ्यांसमोर लटकत होती.

"तुले नाही विचारलं. हिले विचारून राहिलो."

"आत्याबाई घरी नाहीत."

पंजाबराव विचारात पडले. पलीकडून देवानंदनं मान उचलली.

"काय झालं?"

"काही नाही," दीपमाला म्हणाली. "झोप."

शेजारचा पसा हळूहळू सरळ झाला. दुर्गाबाईंनी डोळे उघडले नाहीत. फक्त डाव्या हातानं कमरेची चाबी सोडवली आणि सतरंजीवरून सुनेकडे सरकवली.

दीपमालेनं ती मुठीत घेतली, डोळे मिटले, आणि पूर्ण होईपर्यंत बदलायचा नसलेला संकल्प बदलला. कचेरीत रोज लोकांचे अर्ज वाचून तिला आता दुसरी भाषा सुचत नसे.

ज्या अर्थी अर्जदार क्रमांक एक व दोन एकाच पत्त्यावर राहतात, त्या अर्थी दोघींना दर बुधवारी बिनआवाजाची रजा मंजूर करण्यात यावी. एकाच वेळी दोघींना रजा देणे शक्य नसल्यास अर्जदार क्रमांक एक यांचा, वय विचारात घेता, आधी विचार व्हावा. त्यांच्या रजेच्या काळात चाबी अर्जदार क्रमांक दोन सांभाळतील. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही नम्र विनंती.