न तापणारं मशीन

ताटलीच्या आतल्या बाजूला एकही थेंब नव्हता. कोरडी ठणठणीत. मथुराने ती खिडकीच्या उजेडात धरून पाहिली, मग पातेल्यात डाव बुडवला तर तो सरळ तळाला जाऊन टेकला – पीठ रात्री जिथं होतं तिथंच, बोटभरही वर चढलेलं नाही, बुडबुडा म्हणून नाही. वास घेतला. भिजलेल्या उडदाचा, कच्च्या तांदळाचा. आंबटपणाचं नाव नाही. हात्तिच्या, ती म्हणाली, आणि ते मोठ्यानं म्हटलं गेलं याचं तिला उगीचच नवल वाटलं, कारण या घरात हल्ली मोठ्यानं असं काही म्हटलंच जात नव्हतं.

पातेलं नेहमीच्या जागी होतं. गिरीराजच्या टेबलावर, भिंतीकडच्या कोपऱ्यात, खाली जुना टॉवेल दुमडून, लॅपटॉपच्या मागच्या जाळीला अगदी लागून. बंगळूरच्या डिसेंबरात पीठ आपणहून येत नाही. माहेरी, निपाणीला, आई थंडीत पातेलं चुलीच्या उबदार वैलाशेजारी सारून ठेवायची. इथं मारतहळ्ळीच्या चौथ्या मजल्यावर कुठली चूल आणि कुठला वैल... तेव्हा लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात मथुराने नवऱ्याच्या लॅपटॉपचा वैल करून टाकला होता. गिरीराज तेव्हा पोट धरून हसला होता, आणि मग रात्रभर चालणारं काहीतरी मुद्दाम लावून झोपला होता. सकाळी पीठ ताटली उचलून टेबलावर उतरलेलं. दोघांनी मिळून पुसलं.

गिरीराज अंघोळ करून आला. टॉवेलनं कान पुसत टेबलाकडे न बघता खुर्चीत बसला.

"अहो, पीठ आलंच नाही बघा."

"थंडी आहे."

"थंडी काय यंदाच पडली? तुमचं ते जुनं काळं धूड होतं तोवर कसं उतू जायचं!"

"नव्या जनरेशनचं मशीन आहे गं हे. तापतच नाही. तीच तर कमाल आहे त्याची."

"मग करणाऱ्यांनी आमच्या डोशांचा काही विचार करायचा की नाही?"

तो हसला. म्हणजे हसण्याच्या जागी ओठ हलले. "राहू दे संध्याकाळपर्यंत," तो म्हणाला, "येईल." आणि कानांवर हेडफोन चढवले.

तिनं पोहे केले.

तीन मशीनं पाहिली मी या माणसाची, बसच्या खिडकीशी बसल्यावर तिच्या मनात आलं. पहिलं लग्नाच्या आधीचं, पाट्यासारखं जड. ते मांडीवर घेता यायचं नाही, तर गिरीराज खाली उशी घ्यायचा आणि एक अभ्रा त्यापायी चक्क करपला होता – तो अजून आहे, पुसायला. दुसरं ते काळं, ऑफिसचं. त्याचा पंखा म्हणजे वरच्या मजल्यावर कुणीतरी सतत मिक्सर लावून बसलंय असा. सुरुवातीला डोकं उठायचं. मग सवय झाली, आणि सवयीच्याही पुढे जाऊन तो आवाज तिला कळायला लागला... एका सुरात घरघर चालली की नुसत्या मेल आणि मीटिंगा. हळूहळू चढत जाऊन टिपेला पोचला की काहीतरी मोठं चाललंय, आता जेवायला हाक मारून उपयोग नाही. आणि एकदम खाली आला की गिरीराज आळस देत स्वयंपाकघरात येणार, "काय करतेयस?" असं विचारणार, खरं म्हणजे चहा मागणार. ती पंखा उतरायला लागला की आधण ठेवायची. तुला कसं कळतं, तो विचारायचा. ती सांगायची नाही. एवढं एक गुपित तिनं फार आवडीनं सांभाळलं होतं.

तिसरं हे राखाडी, पातळ. गणपतीच्या दिवसांत आलं. सकाळी काळं मशीन पाठीवरच्या सॅकमध्ये घालून तो ऑफिसला गेला आणि दुपारीच, दुपारीच कसा, हे नवं घेऊन परत आला – दुकानाच्या पिशवीतून. कंपनीनं सगळ्यांना बदलून दिलीत, दुकानातूनच घ्यायला सांगितलं, म्हणाला. आता ऑफिसलाही जायचं नाही, सगळं घरूनच. आणि हात लाव, बघ, म्हणाला. तिनं तळहात ठेवला. गार. कडाप्प्याच्या ओट्यासारखं गार. पंखा आहे की नाही याला? आहे, पण लागतच नाही, नवी पिढी आहे. तिला फार बरं वाटलं होतं. घर शांत झालं. भाजी फोडणीला टाकल्याचा आवाज तिला कित्येक वर्षांनी धड ऐकू आला. शेजारच्या कल्पनालासुद्धा तिनं कौतुकानं सांगितलं होतं, आमच्याकडे आता लॅपटॉप चालू आहे की बंद तेच कळत नाही.

तेव्हा पीठही आपोआप येत होतं. थंडी कुठं पडली होती...

जयनगरच्या ऑफिसात तिच्या टेबलावर नवं खोकं होतं. मोठमोठ्या इमारतींना थंड हवा पुरवणाऱ्या नळ्यांचे नकाशे काढायचे, हे तिचं काम. माणसांच्या आणि यंत्रांच्या अंगची उष्णता कुठून उचलायची आणि कुठून बाहेर काढायची याचा हिशेब ती बारा-तेरा वर्षं करत होती. तिचं जुनं मशीन कालच बंद पडलं होतं. तिनं खोकं उघडलं. राखाडी, पातळ, कोपऱ्याला तीच अर्धगोल खाच. ओळखीचं माणूस परगावी भेटावं तसं तिला झालं.

"अय्या, आमच्या ह्यांचं हेच आहे!"

"छान आहे का, अक्का?" पलीकडच्या टेबलावरून प्रियदर्शनीनं विचारलं. ती बेळगावची, तिच्याशी मराठीत बोलता यायचं.

"छान म्हणजे काय, आवाज नाही की ताप नाही."

मग तिनं हेब्बाळच्या इस्पितळाचा नकाशा उघडला, सगळे मजले एकदम, आणि त्याचं चित्र तयार करायला लावून चहा आणायला गेली. परत आली तर टेबलावर कोणी केस वाळवायचं यंत्र लावून ठेवल्यासारखा आवाज. तिनं आधी इकडेतिकडे पाहिलं. मग तळहात मशीनवर ठेवला आणि लगेच उचलला.

"बिघडलेलं दिलंय गं हे."

"नाही अक्का, तापणारच की, एवढं काम दिल्यावर," प्रियदर्शनी मान वर न करता म्हणाली. "माझंही तेच आहे. स्वल्प थांबा, काम संपलं की गप्प होतं."

मथुराला हसू आलं. जनरेशन म्हणे! तिनं तशीच गिरीराजला फोन लावला – दुपारी ती त्याला कधी फोन करत नसे, त्याच्या मीटिंगा असत – आणि त्यानं पहिल्याच रिंगला उचलला.

"अहो, ऐका जरा," म्हणून तिनं फोन मशीनच्या जाळीशी धरला. बराच वेळ धरला. "आलं ऐकू? तुमच्यासारखंच मशीन आलंय मला. विमान उडतंय नुसतं! आणि हात ठेववत नाही हो. तुम्ही म्हणत होता तापतच नाही."

तिनं फोन परत कानाला लावला.

"ऐकताय ना?"

"मॉडेल वेगळं असेल."

"नाही हो, अगदी तेच. ती खाचसुद्धा—"

"मथू," तो म्हणाला. आणि थांबला. त्याच्याकडून कसलाच आवाज येत नव्हता, ना माणसांचा ना पंख्याचा. "तुझं काम जास्त असेल," तो म्हणाला. "ठेवतो. कॉल आहे."

तिनं फोन टेबलावर पालथा ठेवला. चित्र पूर्ण झालं, पंखा उतरायला लागला, उतरत उतरत थांबला, आणि तिचा हात नकळत कपाकडे गेला, जणू आता कोणीतरी आळस देत दारात येणार होतं... तुझं काम जास्त असेल. कसलाही आरोप नसलेलं, साधं वाक्य. खरंही. उष्णता कुठेतरी जातेच, ती नाहीशी होत नाही. नकाशावर बाहेर पडताना दिसत नसेल तर एकतर तुमची नळी चुकली, नाहीतर ती आत तयारच झाली नव्हती. हे ती नव्या मुलांना शिकवत आली होती. आणि गणपतीपासून घरी रोज त्या गार पाठीवर फडकं फिरवत होती.

तर नोकरी गेली आहे.

तिनं हे वाक्य मनात पूर्ण केलं आणि पाहिलं, तर काही कोसळलं वगैरे नाही. नागराज सरांनी दुसऱ्या मजल्याचं काही विचारलं, तिनं बरोबर सांगितलं. मधे मधे एकेक गोष्ट आपणहून जागेवर जाऊन बसत होती. खिळ्यावरचं त्याचं ओळखपत्र तिनं दिवाळीत झटकलं तेव्हा केवढी धूळ निघाली होती. कॉलवर तो पूर्वी भांडायचा, ऑफिसातल्या प्रणीतचं नाव घेऊन ओरडायचा. आता नुसतं 'येस... येस... शुअर...' आणि मधली अंतरं किती सारखी. पलीकडे कोणी नसलं की माणूस असाच बोलणार. घरखर्चाचे पैसे तेवढे एक तारखेला चुकत नव्हते, कुठून तरी तो ते आणत होता. सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, त्या गार मशीनसमोर दिवसभर... माझ्यासाठी? का स्वतःसाठी? तिला त्याची दया येत होती आणि दयेच्या खालून राग येत होता, चांगला सणसणीत. मला सांगता येत नाही, इतकी मी कोण लागून गेले?

आणि मी तरी. आवाजावरून नवरा ओळखणारी मी. घर शांत झालं म्हणून खूश होते.

परतीच्या बसमध्ये तिनं प्रश्न जुळवून पाहिले. अहो, तुमची नोकरी... नको. अहो, काही सांगायचं आहे का? हे बरं, पण तो नाही म्हणाला तर पुढे काय. रिंग रोडवर बस अडकली ती अडकलीच. कंडक्टरनं "स्वल्प मुंदे होगी" म्हणून तिला पुढे सरकवलं आणि ती सरकली. तिच्या लक्षात आलं की फोन केला नसता तर बरं झालं असतं, असं तिला वाटतंय. तिला ते आवडलं नाही.

लिफ्टमधून बाहेर पडली तेव्हाच आवाज आला. आधी वाटलं कल्पनाकडचा मिक्सर. मग आपल्या दाराशी आली आणि हातातली किल्ली तशीच राहिली. तोच, दुपारी जयनगरला ऐकलेला, चढून टिपेला पोचलेला. काळ्या मशीनपेक्षा बारीक, पण खूप जोरकस. क्षणभर, खरंच क्षणभर, तिला इतका आनंद झाला की तिनं दाराला हात टेकला. काम आहे. चुकले मी. आहे काम!

खुर्ची रिकामी होती. न्हाणीघरात पाण्याचा आवाज. पडद्यावर दहा-बारा लहान लहान चौकोन, आणि प्रत्येकात एकाच धबधब्याचा व्हिडिओ, आवाज बंद केलेला. सगळे एकदम लावता आले नसावेत म्हणून प्रत्येक जरा मागेपुढे पडत होता. मशीन असं वळवलं होतं की जाळी बरोबर पातेल्यासमोर यावी. वर एक सुती चादर तंबूसारखी पांघरलेली. तिनं चादर उचलली. पिठानं ताटली उचलून धरली होती, एक ओघळ टॉवेलवर आला होता, आणि ताटलीच्या आतल्या बाजूला थेंबच थेंब.

तिनं तळहात मशीनवर ठेवला. या वेळी लगेच उचलला नाही.

न्हाणीघराची कडी वाजली. ती झटकन पातेलं उचलून स्वयंपाकघरात गेली, आणि मागे तो टेबलाशी भराभर येऊन पडदा अर्धा मिटताना तिला दिसला नाही, नुसता कळला.

"आलीस?" तो तिथूनच म्हणाला. "बघितलंस ना, आलं पीठ. आज काम फार होतं."

"हो," ती म्हणाली. "छान आलंय."

झालं. आता तीही त्यात आली. किती सोपं गेलं. तिनं पिठात मीठ घातलं, तवा ठेवला, आणि बाहेर तो पंखा चालूच. बंद कसा करणार बिचारा. मी घरात आहे तोवर त्याला तो चालू ठेवायलाच हवा, आज, आणि उद्या, आणि पीठ असो नसो, रोज सकाळपासून – ते धबधबे दिवसभर पडत राहणार आणि मी इथं आधण कधी ठेवायचं त्याची वाट पाहणार. पहिल्या हिवाळ्यातही त्यानं माझ्यासाठीच मशीन तापवलं होतं. तेव्हा तो हसत होता.

"उद्याचंही इथंच ठेव," बाहेरून आवाज आला. जरा घाईनं, जरा विनवल्यासारखा. "येईल. मी बघतो."

तिनं डाव खाली ठेवला. जुळवलेल्या प्रश्नांपैकी एकही तिला आठवेना.

"अहो," ती म्हणाली. पाठ न वळवता, फार मोठ्यानं नाही. "बंद करा ते आता. पीठ आलंय."

मग एक कळ दाबल्याचा आवाज. पंखा लगेच थांबत नाही, हे तिला ठाऊक होतं. आतलं सगळं बाहेर काढल्याशिवाय त्याला थांबता येत नाही. ती ऐकत राहिली. उतरला, अजून उतरला, घरघर झाली, मग नुसती हवा, मग तीही नाही. खुर्ची सरकली. चार पावलं, आणि स्वयंपाकघराच्या दारात तो येऊन उभा राहिला. नेहमी तिथं उभा राहून तो 'काय करतेयस' विचारायचा. आता त्यानं विचारलं नाही. श्वास तेवढा ऐकू येत होता. तो सांगेल का, याची तिला आता चिंता नव्हती; तो पुन्हा नव्या जनरेशनचं काही बोलेल आणि आपण पुन्हा हो म्हणू, याची मात्र इतकी भीती वाटली की तिला मागे वळवेना. तवा तापला होता. तिनं त्यावर पाणी शिंपडलं.